३३७ टनांची सरकारी नोकरी

३३७ टन म्हणजे काही फार नव्हे. तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात एवढा माल काही दिवसांत वजनकाट्यावरून आत जातो आणि त्याची कुणी बातमीही करत नाही. पण भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात पडलेला तेवढाच कचरा सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पिथमपूरला पोहोचवायला, १९८४ च्या वायुगळतीपासून मोजलं तर चाळीस वर्षं लागली. शिपाई म्हणून लागलेला माणूस कार्यालयीन अधीक्षक होऊन निवृत्त व्हावा, इतका काळ तो कचरा फायलीत होता. समित्या बदलल्या, न्यायमूर्ती बदलले, मंत्री बदलले. पोती तिथेच होती.

१ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनर भोपाळहून निघाले. पुढेमागे पोलिस, अग्निशमनाचे बंब, रुग्णवाहिका, आणि सगळा रस्ता मोकळा ठेवलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे ताफा धार जिल्ह्यातल्या पिथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत शिरला. टीव्हीवर दिसलं ते एवढंच. त्याआधीचे तीन-चार दिवस आवारात जे चाललं होतं, ते फारसं कुणी पाहिलं नाही. पीपीई किट चढवलेली शंभरेक माणसं अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्यांनी आत जात होती, कचरा जंबो बॅगांत भरत होती, बाहेर येऊन विसावत होती आणि पुन्हा आत जात होती. अर्धा तास ऐकायला थोडा वाटतो. पण त्या किटमध्ये वारा शिरत नाही, मास्कमधून श्वास ओढून घ्यावा लागतो आणि घाम डोळ्यांत उतरला तरी तो पुसता येत नाही, कारण हातमोज्याला काय लागलंय याचा भरवसा नसतो.

हे काम करून घेणारी माणसं कोण? ‘घातक कचरा विल्हेवाट तज्ज्ञ’ अशा नावाचं पद सरकारी जाहिरातीत शोधायला गेलं तर सहसा सापडणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळात ते ‘वैज्ञानिक’ असतात, महाराष्ट्र मंडळात ‘क्षेत्र अधिकारी’ आणि ‘उपप्रादेशिक अधिकारी’. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत ते संशोधक असतात, कस्टम्सच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ, आणि ट्रॉम्बेला किंवा अणुशक्तीनगरात असतील तर त्यांचा कचरा वेगळ्याच कायद्याखाली येतो. बहुतेकांचं शिक्षण रसायन किंवा पर्यावरण अभियांत्रिकीचं, नाहीतर रसायनशास्त्रातली एम.एस्सी. कामाचा मोठा भाग मात्र कॉलेजात कुणी शिकवलेला नसतो. तो असा, की कुणालाच नको असलेली वस्तू आत्ता नेमकी कुठे आहे, कुणाच्या ताब्यात आहे आणि ती पुढे कुठे जाणार आहे, हे कागदावर आणि जमिनीवर एकसारखं ठेवायचं.

भोपाळच्या ३३७ टनांचा हिशेब पाहिला की हे लक्षात येतं. त्यात १६२ टन आवारातून खरवडून काढलेली माती होती. ९२ टन सेविन हे कीटकनाशक आणि नॅफ्थॉल यांचा अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक आणि २९ टन रिअॅक्टरमधला गाळ. म्हणजे जवळजवळ निम्मा ‘कचरा’ ही मातीच होती. मिथाइल आयसोसायनेट, ज्याने वायुगळतीच्या रात्री माणसं मारली, ते पाण्याशी लगेच क्रिया करतं आणि त्या स्वरूपात टिकत नाही. टिकतात ती आधीच्या आणि मधल्या टप्प्यांतली रसायनं. ती मातीला चिकटतात, पावसाबरोबर खाली झिरपतात आणि विहिरीत निघतात. लोकांच्या मनात ‘कार्बाइडचा कचरा’ म्हणजे १९८४ चा वायू असतो. अधिकाऱ्याच्या वहीत मात्र चार वेगळ्या वस्तू असतात, आणि चौघींची जळण्याची तऱ्हा वेगळी असते.

भारतातला या विषयाचा कायदाच भोपाळच्या पोटी जन्मला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा गळतीनंतर आला, त्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम झाले, २००८ मध्ये ते नव्याने लिहिले गेले आणि सध्या चालतात ते २०१६ चे. देशात या नियमांखाली नोंदला जाणारा कचरा वर्षाला एक कोटी टनांच्या वर आहे. त्यात रंगाच्या कारखान्याचा गाळ आहे, औषध कंपनीतलं वापरून झालेलं सॉल्व्हंट आहे, गॅल्व्हनायझिंगच्या टाक्यांतलं आम्ल आहे आणि गॅरेजमधलं जुनं इंजिन ऑइलही आहे.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, म्हणजे भोपाळच्याही आधीपासून. त्याच्या क्षेत्र अधिकाऱ्याचा एखादा कारखानाभेटीचा दिवस बाहेरून पाहिला तर कंटाळवाणा वाटेल. तो चिमणीकडे बघतो, सांडपाण्याचा नमुना घेतो आणि मग आवाराच्या मागच्या कोपऱ्यात जातो. घातक कचऱ्याची शेड नेहमी मागेच असते. छप्पर आहे का, जमीन झिरपू न देणारी आहे का, सांडलंच तर ते वाहून कुठे जाईल, पिंपांवर लेबल आहे का, त्या लेबलावर तारीख काय. नियम सांगतो की कचरा आवारात साधारणपणे नव्वद दिवसांच्या वर ठेवता येत नाही. पिंपाचं झाकण वर फुगलेलं दिसलं तर अनुभवी माणूस जवळ जात नाही. आत काहीतरी अजून चालू आहे, वायू सुटतोय, एवढं ते झाकण सांगतं.

खरी कसोटी रजिस्टरवर लागते. सांडपाणी शुद्धीकरणाला कारखान्याने चुना किती घेतला, तुरटी किती घेतली, याची बिलं असतात. एवढं रसायन पाण्यात टाकलं तर अमुक इतका गाळ निघायलाच हवा. रजिस्टरमध्ये गाळ त्याहून फार कमी असेल तर दोनच शक्यता उरतात. एक म्हणजे शुद्धीकरण यंत्रणा चालतच नाही आणि पाणी तसंच सोडलं जातंय. दुसरी, गाळ निघतोय पण रात्री कुठेतरी जातोय. विजेचं बिल मग यातली कुठली खरी ते बऱ्याचदा दाखवून देतं. गुन्हा पकडण्याची ही पद्धत फारशी नाट्यमय नाही, पण ती हिशेबाच्या खात्यातल्या माणसालाही पटेल अशी आहे.

कचरा कारखान्यातून निघाला की त्याच्याबरोबर मॅनिफेस्ट निघतं. नियमांतला हा नमुना दहा. याच्या सात प्रती असतात आणि सातांचे रंग वेगळे. पांढरी प्रत कारखाना मंडळाला पाठवतो. पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःजवळ ठेवतो. उरलेल्या पाच ट्रकबरोबर जातात. केंद्रावर माल उतरला की गुलाबी प्रत केंद्र ठेवतं, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी मंडळाकडे जाते आणि निळी परत कारखान्याकडे येते. करडी प्रत कचरा परराज्यातून आला असेल तेव्हाच लागते, ती त्या राज्याच्या मंडळाला पाठवायची. आता बराचसा व्यवहार ऑनलाइन झाला आहे, तरी तर्क तोच. पांढरी निघाली आणि हिरवी आलीच नाही, किंवा दोन्हींवरचं वजन जुळलं नाही, तर मधल्या रस्त्यात काहीतरी घडलंय.

मधल्या रस्त्यात काय घडू शकतं ते ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतेत दिसलं. सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका नाल्यात टँकरमधून रसायन सोडलं जात होतं. शेजारच्या कापड प्रक्रिया कारखान्यातले कामगार त्या वासाने कोसळले. सहा जण गेले, वीसहून अधिक रुग्णालयात पडले. सुरत पोलिसांच्या तपासात त्या रसायनाचा माग निघाला तो थेट तळोज्याच्या एका कारखान्यापर्यंत. महाराष्ट्र मंडळाने त्या कारखान्यावर बंदची कारवाई केली. टँकरमधलं रसायन सोडियम हायड्रोसल्फाइडसारखं सल्फरयुक्त असेल आणि नाल्यात आधीच आम्लाचं पाणी वाहत असेल, तर हायड्रोजन सल्फाइड तयार व्हायला काही मिनिटं पुरतात. हा वायू थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, म्हणून ‘आता वास येत नाही, बरं झालं’ असं वाटतं तो सगळ्यात धोक्याचा क्षण असतो. या खात्यात नव्या माणसाला नाकावर विश्वास ठेवू नकोस हे पहिल्यांदा सांगावं लागतं.

उल्हासनगरकरांना हे नवीन नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि काठच्या वस्तीतल्या अनेकांना श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात न्यावं लागलं. अशा प्रत्येक प्रकरणात गणित सारखंच असतं. अधिकृत केंद्रावर कचरा द्यायचा तर टनामागे पैसे मोजावे लागतात, नाल्यावर टँकरचा नळ उघडायला फक्त ड्रायव्हर आणि काळोख लागतो. या दोन खर्चांतला फरक जितका मोठा, तितकी अधिकाऱ्याच्या रात्रीच्या गस्तीची गरज मोठी.

आणि गस्त घालायला माणसं कुठे आहेत? देशभरातल्या राज्य प्रदूषण मंडळांतली जवळजवळ निम्मी मंजूर पदं रिकामी आहेत, ही माहिती राष्ट्रीय हरित लवादापुढे केंद्रीय मंडळानेच दिलेली आहे. एकाच माणसाकडे शेकडो कारखाने असले की पांढरी आणि हिरवी प्रत जुळवायची राहूनच जाते.

कचरा केंद्राच्या फाटकावर सगळं काही लगेच आत घेतलं जात नाही. ट्रक बाजूला उभा राहतो आणि नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथल्या तपासण्यांपैकी एक इतकी साधी आहे की पाहुण्याला गंमत वाटते. रंगाच्या दुकानात रंग गाळायला मिळते तशी शंकूच्या आकाराची जाळीची गाळणी घ्यायची, तिच्यात शंभर ग्रॅम गाळ ठेवायचा आणि खाली भांडं ठेवून पाच मिनिटं थांबायचं. एक थेंब जरी खाली पडला तरी माल थेट जमिनीत पुरायला नाकारला जातो, कारण त्यात सुटं पाणी आहे. सुटं पाणी खड्ड्यात गेलं की ते बाकीच्या कचऱ्यातलं विष विरघळवत तळाशी साठतं. त्या द्रवाला लीचेट म्हणतात आणि पुढची सगळी वर्षं त्याच्याशीच झगडावं लागतं. पाच मिनिटं कुणी बोलत नाही असं नाही, गप्पा चालू असतात, पण नजर गाळणीच्या टोकावर असते.

मग उष्मांक मोजतात. माल जाळण्याजोगा असेल तर भट्टीकडे किंवा सिमेंटच्या भट्ट्यांकडे जातो, तिथे तो कोळशाच्या जोडीने जळतो. विषारी धातू असतील तर सिमेंट, चुना, फ्लाय अॅश मिसळून त्याला आधी बांधून टाकतात आणि मग पुरतात. पुरायचा खड्डा म्हणजे नुसता खड्डा नसतो. दीड मिलिमीटर जाडीच्या एचडीपीई प्लास्टिकच्या चादरीचे दोन थर, त्यांच्या खाली दाबून बसवलेली चिकणमाती, दोन चादरींच्या मधे गळती कळावी म्हणून ठेवलेला थर, आणि सभोवती भूजलाचे नमुने घ्यायच्या विहिरी. भट्टीचेही नियम तसेच काटेकोर. दुसऱ्या कक्षात तापमान अकराशे अंशांच्या आसपास हवं आणि वायू त्या उष्णतेत निदान दोन सेकंद थांबला पाहिजे. चिमणीतून निघणाऱ्या डायॉक्सिन-फ्युरान या विषारी संयुगांची मर्यादा घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, त्याचाही दहावा हिस्सा. डायॉक्सिन मोजणं खर्चिक आणि वेळखाऊ आहे, देशात ते करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच. चिमणीवरचा, पाटीवर आकडे झळकवणारा ऑनलाइन मीटर धूळ, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड सांगतो, डायॉक्सिन सांगत नाही. लोकांना भीती वाटते नेमकी त्याचीच, आणि पाटीवर ते नसतं. भोपाळचा कचरा जाळण्यावरून पिथमपूरला झालेला अर्धा वाद या एका ओळीत मावतो.

कधीकधी कचरा कचऱ्याच्या नावाने येतच नाही. न्हावाशेवा बंदरात १३३ कंटेनर ‘वंगण तेल’ म्हणून आलेले होते. पंधरा आयातदार होते. तेल नेमकं काय आहे याच्या तपासण्या झाल्या आणि ते वापरून टाकलेलं घातक तेल निघालं. घातक कचऱ्याच्या देशांतरावरचा बासेल करार १९८९ चा, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, पण कागदावर नाव बदलून येणाऱ्या मालाला करार थांबवत नाही, बंदरातला रसायनतज्ज्ञ थांबवतो. सर्वोच्च न्यायालयाने याच विषयाच्या याचिकेत १९९७ मध्ये एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली होती. शेवटी जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने तो माल जाळून नष्ट करण्याचा आणि खर्च आयातदारांकडून घेण्याचा आदेश दिला. तोवर अनेक वर्षं ते कंटेनर बंदरात पडून होते.

उलटी वाटचालही एकदा झाली. तमिळनाडूतल्या कोडईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला, कारण पारा लागलेल्या काचेचा चुरा गावातल्या भंगारवाल्याकडे सापडला. २००३ मध्ये असा सुमारे २९० टन कचरा गोळा करून, पिंपांत बंद करून जहाजाने अमेरिकेला पाठवला गेला. ज्या देशातून पारा आला त्याच देशाने तो परत घेतला, हे भारतात फारच थोड्या वेळा घडलंय.

अणूची गोष्ट वेगळी. किरणोत्सारी पदार्थ घातक कचऱ्याच्या नियमांत बसतच नाहीत, त्यांचा कारभार अणुऊर्जा कायद्याखाली चालतो आणि त्याची सूत्रं मुंबईहून हलतात. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात काही माणसांची कातडी काळी पडू लागली, केस गळू लागले. रुग्णालयाने कळवल्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसं गायगर काउंटर घेऊन गल्ल्यांत उतरली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायन विभागातलं एक जुनं गॅमा उपकरण, कॅनडाहून १९६० च्या दशकाअखेरीस आलेलं आणि १९८५ पासून वापरात नसलेलं, फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. आत कोबाल्ट-६० होतं. त्याचा एक लहानसा तुकडा एकाच्या पैशांच्या पाकिटात सापडला, तो खिशात घेऊन तो माणूस फिरत होता. एका कामगाराचा जीव गेला, सात जण रुग्णालयात गेले. लांब दांड्यांच्या चिमट्यांनी एकेक तुकडा उचलून शिशाच्या पात्रात घालत तो सगळा माल नरोरा अणुवीज केंद्रात नेण्यात आला. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना चौथ्या पातळीची ठरली.

मायापुरीत चूक कुठे झाली ते शोधताना विद्यापीठात कुणी दुष्ट निघालं नाही. पंचवीस वर्षांत उपकरण काय आहे हे ठाऊक असलेली माणसं निवृत्त झाली, आणि जडवस्तू नोंदवहीत ते एक जुनं लोखंडी यंत्र उरलं.

भोपाळचं उलटं होतं. तिथे काय पडलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते कुठेही नेता येईना. कारखान्याची ६७ एकर जमीन १९९८ मध्ये मध्य प्रदेश सरकारकडे परत आली. २००४ मध्ये उच्च न्यायालयात याचिका गेली, पुढच्या वर्षी आवारात पसरलेला कचरा गोळा करून शेडमध्ये ठेवला गेला. तेव्हा आकडा ३४६ टन होता. आधी ठरलं गुजरातेत अंकलेश्वरला जाळायचं. गुजरातने नकार दिला. २००८ मध्ये चाळीसेक टन चुन्याचा गाळ तेवढा पिथमपूरला पुरून झाला. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने नागपूरजवळच्या बुटीबोरीला, डीआरडीओच्या भट्टीत जाळायला सांगितलं, तर नागपुरात लोक उठले, महाराष्ट्र सरकारने हात वर केले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. २०१२ मध्ये जर्मनीच्या सरकारी संस्थेने २५ कोटी रुपयांत सगळा कचरा विमानाने नेऊन हॅम्बुर्गला जाळायची तयारी दाखवली. जर्मनीतच विरोध झाला आणि काही महिन्यांत संस्था मागे फिरली.

मधेच २००९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी आवारात जाऊन कचऱ्याचा गोळा हातात धरला आणि आपल्याला काही झालं नाही, असं सांगितलं. वायुपीडितांच्या संघटनांनी यावर संताप व्यक्त केला तो रास्तच होता. घातक कचऱ्याची परीक्षा अशी नसते. एका हाताला एका दिवसात काही होत नाही, विहिरीचं पाणी वीस वर्षं पिणाऱ्याच्या मूत्रपिंडाला होतं. या एका प्रसंगाने खात्यातल्या प्रामाणिक तंत्रज्ञांचं काम दहा वर्षांनी मागे नेलं असावं. त्यानंतर ‘हे सुरक्षित आहे’ हे वाक्य कुणाही सरकारी माणसाने उच्चारलं की लोकांना तो गोळा आठवणार होता.

ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने पिथमपूरला दहा टन जाळून पाहिले. उत्सर्जन मर्यादेत असल्याचं केंद्रीय मंडळाने सांगितलं, संघटनांनी मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. पुढची नऊ वर्षं पुन्हा काही नाही. केंद्राने १२६ कोटी रुपये दिले. डिसेंबर २०२४ मध्ये, दुर्घटनेच्या चाळिसाव्या स्मृतिदिनी, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा संयम संपला आणि चार आठवड्यांची मुदत दिली गेली. मग ती जंबो बॅगांची धावपळ.

कंटेनर पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी, ३ जानेवारीला, पिथमपूर बंद झालं. दगडफेक झाली, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. भट्टीच्या कुंपणापासून काहीशे मीटरवर तारपुरा गाव आहे. तिथल्या लोकांचं म्हणणं हेच, की भोपाळचं पाप इथे का? आकडेवारीने याला उत्तर देता येत नाही. आणि हेही खरं की गावाला आधी कुणी विचारलं नव्हतं. सरकारी यंत्रणेची ही जुनी खोड आहे. ती आधी न्यायालयाला पटवते, मग पोलिस बंदोबस्त मागवते आणि शेवटी गावात माहितीपत्रकं वाटते. हाच क्रम उलटा असता तर कंटेनर आठ आठवडे पार्किंगमध्ये उभे राहिले नसते, असं म्हणायला जागा आहे.

न्यायालयाने आणखी मुदत दिली, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीच्या अखेरीस स्थगिती नाकारली आणि चाचणी सुरू झाली. तीन टप्पे, प्रत्येकी दहा टन. पहिल्यात ताशी १३५ किलो, दुसऱ्यात १८०, तिसऱ्यात २७०. वेग हळूहळू वाढवायचा आणि प्रत्येक वेगाला चिमणीतून काय निघतं ते पाहायचं. कचरा चुन्याबरोबर छोट्या पिशव्यांत भरून भट्टीत सोडला जायचा. कारण या कचऱ्यात क्लोरीन आणि गंधक होतं, ते जळल्यावर आम्लधर्मी वायू होतात आणि चुना त्यांना जागच्या जागी धरतो. ताशी २७० किलो म्हणजे मिनिटाला साडेचार किलो. ज्या कचऱ्यासाठी तीन राज्यं आणि दोन देश भांडले, तो अखेर किराणा दुकानातल्या तांदळाच्या पिशवीएवढ्या तुकड्यांनी आगीत गेला.

उरलेले ३०७ टन ५ मेच्या संध्याकाळपासून जाळायला घेतले आणि ३० जूनच्या पहाटे एकच्या सुमारास शेवटची पिशवी आत गेली. पंचावन्न दिवस पाळ्या चालल्या. सरकारने उत्सर्जन मर्यादेत राहिल्याचं जाहीर केलं.

पण ३३७ टन जाळून राख उरली ती आठशे टनांच्या वर. हे ऐकून अनेकांना सरकार काहीतरी लपवतंय असं वाटलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, मातीचा बराचसा भाग जळतच नाही आणि चुना व इतर मिश्रणं वरून मिसळलेली. घातक कचऱ्याच्या भट्टीतून वस्तू नाहीशी होत नाही. विषारी सेंद्रिय रेणू मोडतात, धातू राहतात, ते राखेत उतरतात. ही राख त्याच आवारात बांधलेल्या खड्ड्यात पुरायची की वस्तीपासून आणखी दूर, तिच्यातल्या पाऱ्याचं काय, हा वाद २०२५ मध्येच पुन्हा उच्च न्यायालयात पोहोचला.

आणि भोपाळच्या आवारात? नीरी आणि हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने २०१० च्या सुमारास केलेल्या पाहणीत तिथल्या दूषित मातीचा अंदाज अकरा लाख टनांचा निघाला होता. पिथमपूरला गेलेला कचरा त्याच्या तीन हजाराव्या हिश्शाएवढा. कारखान्याबाहेर १९७७ मध्ये खोदलेल्या सांडपाण्याच्या तळ्यांखालची जमीन या हिशेबात कशी धरायची हा वेगळाच प्रश्न. आजूबाजूच्या वस्त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नळाचं पाणी मिळालं, कारण हातपंपाचं पिण्याजोगं राहिलेलं नव्हतं.

पुरलेल्या राखेचंही काम लांबचं आहे. केंद्रीय मंडळाच्या निकषांप्रमाणे खड्डा वरून बंद केल्यानंतर पुढची तीस वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवायचं असतं. पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींचे नमुने, लीचेटची पातळी, वरच्या आच्छादनाला तडे, उंदीर-घुशींची बिळं, झाडांची मुळं. महाराष्ट्रात अठ्ठाविसाव्या वर्षी रुजू झालेला क्षेत्र अधिकारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. आज तळोज्यात किंवा रांजणगावात एखादा खड्डा बंद झाला तर त्या खड्ड्याभोवतीच्या विहिरीतला शेवटचा सक्तीचा नमुना आज रुजू होणाऱ्या अशा अधिकाऱ्याच्या निवृत्तीच्या वर्षी घ्यायचा आहे. अर्थात तोवर त्याची सात-आठ वेळा बदली झालेली असेल आणि त्याच्या जागेवर माणूस नेमलेला असेल, तर.